सातवा पिंजरा

एकोणीस दिवस अखंड चाललेला प्रोग्राम
मध्येच गप्प झाला. मेला नव्हता.
बंद करावा, तर मोजलेलं सगळं विसरणार.

बरं झालं, रान्वानं त्याच्या पोटात
आधीच ठेवला होता
बारा ओळींचा इवलासा सर्व्हर.
क्लाक्सविकच्या धक्क्यावर, हातमोजा दातांत धरून
तिनं फोनवर पोर्ट उघडला:
कुठं अडलास रे?

पान उमटलं, बिनरंगाचं.
चार हजार सामन मासे मोजायचे बाकी.
सगळे धागे एकाच धाग्यापाशी खोळंबलेले,
आणि तो
सातव्या पिंजऱ्याच्या तापमापकाची वाट बघत.

सातवा पिंजरा तर योग्वाननं
मार्चातच ओढून काढला, किनाऱ्यावर पालथा पडलाय.
याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिनं तिथूनच एक ओळ आत सरकवली.
आकडे हलले.
हातमोजा चढवला तिनं.
पोर्ट उघडाच ठेवला.