शेऱ्याचा रकाना

कळंबोलीच्या लोखंड बाजारात
गाळा नंबर सव्वीसच्या पोटमाळ्यावर
मी डिझेलची वही लिहिते.
गाडी नंबर, निघताना किलोमीटर, आल्यावर किलोमीटर,
लिटर किती, ॲव्हरेज किती,
आणि शेवटी बोटभर रुंद रकाना : शेरा.
त्यात बहुतेक वेळा काहीच नसतं.

अकरा वर्षांत एवढं कळलं
की डिझेल इंजिन पितं हे अर्धंच खरं.
चाकात हवा कमी असली तर रस्ता पितो.
ताडपत्रीचं टोक सुटून फडफडलं तर वारा पितो.
फिल्टर धुळीनं बुजला, लायनर घासत राहिला,
पळस्पे फाट्यावर चहा होईस्तोवर
गाडी नुसतीच धडधडत उभी ठेवली,
सगळे थेंब थेंब पितात
आणि नाव ड्रायव्हरचं होतं.

गोरख सांगळेचा ट्रेलर मात्र
चाकणसाठी कॉइल लादून घाट चढायचा
नि चार पूर्णांक एकनं परत यायचा.
तेच मॉडेल, तोच माल, तोच पंप,
बाकीचे साडेतीनच्या वर सरकेनात.
एकदा विचारलं, तुम्ही करता काय नेमकं?
म्हणाला, ताई, मी चपला काढून चालवतो.
इंजिनाला भूक किती, ते तळव्याला कळतं.
पुढे गाड्या तुंबणार, हे डोळ्याआधी अंगठ्याला कळतं,
तो आपसूक उचलला जातो.
आणि चढाला गिअर आपण टाकायचा नसतो,
गाडी मागते तेव्हा द्यायचा.

त्या दिवाळीत मालकांनी त्याला कुकर दिला.

मग वही उतरणीला लागली.
तीन नऊ.
पावसाळ्यानंतर तीन सात.
यंदा मार्चात तीन चार.
मालक म्हणाले, पाइप लावतोय कुठेतरी,
ढाब्यामागं कॅन भरून देत असणार. बघ जरा.
ते हे सांगत होते तेव्हा खाली त्यांची काळी एसयूव्ही
एसी चालू ठेवून उभी होती,
वीस मिनिटं, आत कुणी नसताना.
तिचं पान माझ्या वहीत नाही.

मी बघितलं.
टाकीचं सील शाबूत.
फिल्टर गेल्याच महिन्यातला.
कुन्हीमोननं अठराही टायर हातोडीनं ठोकून ऐकले,
म्हणाला, सब बराबर बोलता है.

शुक्रवारी सांगळे हिशेबाला आला.
खाली जिन्याशी चपला काढल्या, नेहमीसारख्या,
वर येऊन बसला, खालापूर टोलच्या रांगेबद्दल बोलू लागला,
आणि मला दिसले
त्याच्यामागे पायऱ्यांवर तांबडे ठिपके,
एक सोडून एक.

सांगळे, पाय.

त्यानं उचलून पाहिला,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.
टाचेत पत्र्याची कात, नखाएवढी, आत गेलेली.
कधी लागलं?
लागलं व्हय, म्हणाला.

पंख्याच्या दोन-चार फेऱ्या झाल्या.
मग हळूच : साखर आहे म्हणतात.
पेडलवर गोणपाट घातल्यागत वाटतं, ताई.
किती दाबलं, ते आवाजावरून धरतो.
सांगितलं असतं तर किल्ली गेली असती.

तो खाली गेल्यावर मी जुन्या वह्या काढल्या.
दोन वर्षं, पान पान, मागे मागे.
कुठल्याही डॉक्टरच्या आधी
हे माझ्याकडे आलं होतं,
माझ्याच अक्षरात, टिंबाच्या पुढे,
आणि मी बेरीज तपासत बसले.

आता शेऱ्याचा रकाना.
चोर नाही, एवढंच लिहावं
तर मालक विचारतील, मग काय?
मग काय ते लिहिलं तर पाटोद्याचं घर, मुलीची फी.
कोरा सोडावा
तर त्याच पायाखाली घाटात
ब्रेकसुद्धा आहे.

पेन उघडं आहे.
खाली टायरच्या ढिगावर त्याला बसवून
कुन्हीमोन चिमट्यानं कात ओढतोय,
आणि सांगळे हायवेकडे बघत विचारतोय,
निघाली का?