दुसरी ओळ

नरीनच्या शाळेत, हिशेबाच्या खोलीत,
रात्री कधीतरी यंत्रानं स्वतःला नवं करून घेतलं
आणि सकाळी ढिम्म.
काळा पडदा. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ
लुकलुकतेय,
ओठावर आलेलं नाव आठवत नसावं तशी.

उद्या पगार. बाहेर उणे बावीस.
अनारकुलनं बटण दाबून धरलं, दहा आकडे मोजले.
नाक दाबलं, पण तोंड काही उघडलं नाही.
प्रिंटरची वायर उपटली. माउस उपटला.
तिच्या जागी मार्चपासून येणारी जाझगुल
हे सगळं वहीत टिपून घेत होती.

कुबान आला, बुटांवरचा बर्फ दारात आपटत.
आधी चहा मागितला. मग पेटी उघडली,
मेमरीची पट्टी काढून पोरांच्या खोडरबरानं घासली.
यानं काय होतं?
"मला बरं वाटतं," म्हणाला.

मग सुरू करताना एकच कळ टिचटिच, टिचटिच,
यादी उघडेपर्यंत.
वर नवी आवृत्ती. खाली जुनी,
तारखेसकट, कुणी हाकललं नव्हतं तिला.
त्यानं बाण एक घर खाली नेला.

पंखा घरघरला. शिक्षकांची नावं आली, एकूण एक.
"तूर्त जुन्यावर चालू दे.
नव्याचं काय बिनसलंय, बघू सावकाश."

संध्याकाळी अनारकुलनं पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवली:
उठलं नाही तर दुसरी ओळ.
कोट चढवला, टोपी घातली,
परत आली,
आणि खाली आपला फोन नंबर लिहिला.