झाकणावरचा कुत्रा

स्टॉर्नोवेच्या दुकानात बिस्किटांचा डबा.
झाकणावर धुकं, तारेचं कुंपण
आणि टोर्कलचा एका डोळ्याचा कुत्रा.
मर्डिनानं डबा उलटा केला:
वजन, साखर, कंपनीचा पत्ता.
तिचं नाव कुठंच नाही.

टपाल वाटता वाटता काढलेला फोटो,
बोटं गारठलेली.
वकील म्हणाला, बटण दाबलंत
तेव्हाच हक्क तुमचा झाला.
कंपनीनं आधी आभार पाठवले,
मग बिस्किटं,
चौथ्या पत्रानंतर चेक.

टोर्कलनं डबा निरखला.
गळ ठेवायला बराय, म्हणाला.
मग कुत्र्याचे कान चोळत,
"आणि ह्याचं काय?"

मर्डिनानं चेकची घडी उलगडली,
पुन्हा घातली.
कुत्रा तिची पिशवी हुंगत होता.
बिस्किटं
तिनं कालच संपवली होती.