शेऱ्याचा रकाना

कळमन्याच्या संत्रा यार्डात, पत्र्याच्या शेडखाली
घडीचं टेबल, वजनकाटा,
खांबाला सेलोटेपनं चिकटवलेली उंचीची पट्टी
आणि मी.
मार्च सुरू आहे, मृगाचा माल उतरतो आहे,
आणि हमालांचं आरोग्य शिबिर आहे.

पहिला रेवाराम नेवारे.
जन्मभर काट्यावर माल चढवला,
स्वतः चढताना मात्र कचरला,
चप्पल काढली, मग टोपीही काढली.
एक्क्याऐंशी किलो. उंची एकशे एकसष्ट.
मी उंचीनं भागलं, पुन्हा उंचीनं भागलं :
एकतीस पूर्णांक दोन.
पुढे काय लिहायचं ते छापलेलंच असतं. लठ्ठ.
नाडी छप्पन्न.
घड्याळ अडकलं असेल म्हणून परत मोजली.
छप्पन्न.

"काय निंगालं बाई?"
"वजन जास्त आहे काका, कमी करा."
"कोनाचं? माह्यं का क्रेटचं?"
मागची रांग खदखदली. मीही.

मग अडतीवरचे मुनीम, पनपालियाजी,
रांग सोडून पुढे आले.
एकवीस पूर्णांक आठ. हिरवा पट्टा.
"नॉर्मल!" त्यांनी आख्ख्या शेडला सांगितलं,
बारक्या हातांनी पँट वर ओढली,
आणि पट्ट्याच्या वर एक छोटं मडकं
शर्टाआडून बाहेर डोकावलं.
साखरेची पट्टी दोनशे ब्याऐंशी बोलली.
ते मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

रेवारामनं ढिगातून दोन संत्री उचलली.
"हे पाहा. केवढं दिसते! दाबा."
साल फुगलेली, आत फोडी वाळलेल्या.
दुसरं बारकं, हातात दगडासारखं.
"तुमची मशीन काय मोजते बाई,
साल का फोडी?"

दोनशे वर्षांपूर्वी, म्हणतात,
ताऱ्यांचा हिशेब करणाऱ्या कोणी
सरासरी माणूस शोधायला हे गणित मांडलं.
सरासरी माणूस अजून माझ्या टेबलापाशी आलेला नाही.
तरी मी गणिताला शिव्या देणार नाही.
हजार माणसं उभी करा, ते बरंचसं खरं बोलतं.
आकडा आख्ख्या गावाचा असतो,
एकेकाच्या गळ्यात तो मी बांधते.

आणि रेवारामचा थोरला भाऊ होता, झिटू.
असाच गड्डा, असेच खांदे.
गुडघा गेला, हमाली सुटली, भूक सुटली नाही.
काट्यावरचा आकडा तोच राहिला,
फक्त खरा व्हायला त्याला दोन वर्षं लागली.
हे रेवारामनंच सांगितलं,
संत्रं सोलता सोलता, माझ्याकडे न पाहता.

शेवटी भागरता, माल निवडणारी.
गेल्या साली पन्नास किलो, बावीस पूर्णांक आठ.
यंदाही पन्नासच,
पण आकडा तेवीसची रेघ ओलांडून गेलेला.
आपल्या लोकांसाठी ती रेघ मुद्दाम खाली आणली आहे,
मी ती पाठ केली आहे.
"माय, काय खाल्लं वर्षभर?"
"भात अन् वरन. दुसरं काय खाऊ?"
मग पट्टी पाहिली.
दोन सेंटिमीटर.
ती लठ्ठ झाली नव्हती,
मणक्यामणक्यानं जमिनीकडे निघाली होती,
आणि माझं गणित तिला म्हणत होतं, कमी जेव.

फॉर्मवर शेवटचा रकाना शेऱ्याचा,
दोन बोटं रुंद.
भागरतापुढे लिहिलं : हाडं तपासा.
मुनीमांपुढे : कमर मोजा, लगेच पाठवा.
रेवारामपुढे पेन थांबलं.
काम करतो तोवर ठीक, हे कसं लिहायचं?
आणि काम सुटल्यावर कोण येणार आहे त्याच्या दारी काटा घेऊन?

संध्याकाळी ऑफिसातून पोराचा फोन :
"मॅडम, एक शेरा कोराच आहे,
सॉफ्टवेअर पुढं सरकत नाही."
मी पारडीच्या ऑटोत होते,
मांडीवर पर्स, पर्समध्ये ते बारकं संत्रं.
"थांब," म्हटलं,
आणि उगाच ते हातात घेऊन तोलत राहिले.