मान, स्त्रीलिंगी

रेक्सममध्ये, केकच्या दुकानाच्या वर
एलेरी प्रोबर्टची खोली. एकोणीस पायऱ्या.
सांधेदुखीवाल्यांसाठी जिना, हा विनोद
ती प्रत्येक नव्या पेशंटला ऐकवते म्हणे.
फॉर्मवर मी ‘मिसेस शेज’.
शेजवलकरमधलं वलकर
त्यांच्या चौकटीत मावलं नाही.

कधीपासून दुखतंय?
सांगायचं तर सव्वीस वर्षं.
हॉस्पिटलच्या तळघरात
दोन नळ्यांवर डोळे टेकवून
बायकांच्या काचपट्ट्या बघायचे मी.
एका पट्टीवर एक बाई. जन्मतारीख, नंबर
आणि गुलाबी-निळ्या पेशींचा पसारा.
त्यातली बिघडलेली एक हुडकायची,
रांगोळीत मीठ शोधावं तशी.
तांदूळ निवडताना आई अशीच वाकायची,
पण ती मधूनच उठून दूध तरी बघायची.

इंग्रजीत गर्भाशयाला मान असते,
मराठीत मुख.
सर्व्हायकल: त्यांच्या पाकिटांवर तोच शब्द
आणि आता माझ्या एक्स-रेवर तोच.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या माना तपासल्या.

आपल्याकडेही दोन आहेत. तो मान, ती मान.
मान मोडून काम कर, मग मान मिळेल,
असं वडील म्हणायचे, व्याकरणाचे मास्तर असून.
मग मशीन आलं. पट्ट्या कमी झाल्या.
निरोपाला मला कुंडीतलं ऑर्किड मिळालं.
त्याचीही मान
काडीला क्लिपनं बांधलेली.

शून्य ते दहा, किती?
चमक निघते तेव्हा नऊ.
रग लागते तेव्हा चार.
करंगळीपर्यंत मुंग्या येतात, त्या कोण मोजणार?
मी म्हटलं, सहा.
सहा म्हटलं की कुणी घाबरत नाही
आणि घरीही पाठवत नाही.

पहिल्या तीन खेपांना ती काहीच मोडत नाही.
टेबलाच्या भोकात तोंड घालून मी पालथी,
खाली तिचे बूट दिसतात, एक नाडी निळी, एक करडी.
बोटं मणक्यामणक्यावरून उतरतात,
थांबतात, मागे जातात, पुन्हा येतात.
आणि मग एका जागी, खांद्याच्या जरा वर,
एकच बोट टेकतं.
तिथं.
मी असाच ठिपका द्यायचे काचेवर, शाईचा,
सापडलेल्या पेशीच्या शेजारी.
कुणाला तरी मी सापडले होते.
टॉवेल ओला झाला. ती काही बोलली नाही.

चौथ्या खेपेला, कट्ट.
कानशिलावर बोटं मोडून
कुणी दृष्ट काढावी, इतकाच आवाज.

घरी व्यायाम. हनुवटी आत, जणू ताक आंबट लागलंय.
मग डावीकडे, उजवीकडे, सावकाश.
किटलीसमोर उभी राहून वीसदा नाही म्हणते.
किटली ऐकत नाही.

आठव्या खेपेला मी तिचे अंगठे पाहिले.
दोन्हींना पट्ट्या.
रोज पंधरा माना, ती म्हणाली, अंगठे जाणारच.
मग कुठे नोकरी होती तुमची, विचारलं तिनं,
हात चालू ठेवून.
मी सांगितलं. काचा, ठिपके, सगळं.
हात थांबले.

रेडिएटर टिकटिकत होता.
खालून भाजलेल्या साखरेचा वास आला.

मला पत्र आलंय त्याचं, ती म्हणाली.
फ्रिजवर आहे, मॅग्नेटखाली. फेब्रुवारीपासून.
बाहेर ऑक्टोबर होता.
राहूनच जातं, म्हणाली.

किती बायकांची नावं वाचली मी,
चेहरा एकीचाही नाही.
मी कोपरावर उठले
आणि मान वळवली. डावीकडे. पूर्ण.
दुखलं, सहाच्या पुढे कुठेतरी.
तशीच बघत राहिले तिच्याकडे.