आतला टायर

मढचं शूटिंग आटपलं रात्री दोनला.
व्हॅनिटीतल्या आरशाभोवतीचे बल्ब विझवून
मी खाली उतरतो, टॉर्च दातात धरून.

मागची चाकं जोडीची.
बाहेरचा टायर येताजाता दिसतो,
आतल्याकडे बघतो कोण?
फिलोमिनाबाईंनी मेकअपच्या पेटीतून टाकून दिलेला
तडकलेला हातआरसा मी मधल्या फटीत सरकवतो.
खाचेत शिंपला. एक खिळा.
रबराला बारीक भेगा,
डोळ्यांखाली पडतात तशा.

डिपस्टिक पुसायची, बुडवायची, परत काढायची.
तेल चिमटीत चोळायचं:
काळं चालेल, कचकच नको.

विश्राम नवा आहे, त्याला घाई.
फडकं घेऊन थेट रेडिएटरकडे.
मी मनगट पुढे करतो,
शहाण्णव सालचा गुलाबी डाग.
"तापलेल्याचं झाकण उघडू नये रे.
बसायचं जरा."

बसतो.
लोखंड टिकटिक करत निवतं.
वाऱ्याला सुक्या बोंबलांचा वास.
तो विचारतो, आत कधी झोपलायस?
सोफ्यावर? एसीत?
मी म्हणतो, कूलंट आण.

हिरवं पाणी तो ओततो,
थेंबही न सांडता. शिकेल.

आरसा शर्टाला पुसून खिशात टाकताना
बघतोच एकदा.
दातांवर ग्रीस.