रकाना क्रमांक नऊ

दिल्लीहून आलेल्या फॉर्मात नऊ रकाने.
आठ भरले : वय एकोणीस, शिक्षण अर्धवट,
मोबाइलमध्ये रात्री तीनपर्यंत कुणीतरी 'भाऊ',
चेहरा नसलेला.

नववा : परत कशामुळे फिरला?

विक्रोळीत, कन्नमवार नगरच्या कॅरम क्लबात
सुयोगची खुर्ची दीड महिना रिकामी.
जुनैदनं दुसरा जोडीदार घेतला नाही.
रोज बोर्डावर पावडर टाकायचा,
सोंगट्या लावायचा,
बसून राहायचा.

एका रात्री सुयोग आला. खिशात काय होतं
ते मी लिहिलेलं नाही.
म्हणाला, "स्ट्रायकर कुठाय माझा?"
जुनैद म्हणाला, "उशीर केलास. ब्रेक माझा."

साहेब विचारतात, नववा कोरा का?
रकाना दोन बोटांचा आहे, साहेब.
आणि कोरा नाही,
हे पांढरे ठसे पावडरचे.